फौजदाराच्या टेबलावरचा मोबाइल

आपण इथे बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आजच्या इतिहासात तोफा नाहीत. त्यात पोलीस ठाण्यातलं एक टेबल आहे, टेबलावर मोबाइल आहे आणि त्याच्यामागे बसलेला एक फौजदार आहे. या फौजदाराला त्या मोबाइलचं काय करायचं हे कुणी, केव्हा आणि किती शिकवलं, एवढाच आजचा विषय.

हा विषय माझ्याकडे कसा आला ते आधी सांगतो. २०१९ च्या मे महिन्यात माझ्या जुन्या युनिटमधल्या एका सुभेदार साहेबांचा फोन आला. सातारा जिल्ह्यातलं त्यांचं गाव. तीस वर्षांच्या नोकरीत या माणसाचा आवाज कधी कापलेला मी ऐकला नव्हता. ते म्हणाले, "साहेब, गंडलो." बँकेतून बोलतोय असं सांगून कुणीतरी त्यांना मोबाइलवर एक अ‍ॅप घ्यायला लावलं होतं. त्या अ‍ॅपमधून समोरच्याला त्यांचा सगळा पडदा दिसत होता. अकरा मिनिटांत तीन लाख ऐंशी हजार रुपये गेले. धाकट्या मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले.

ते तासाभरात जवळच्या ठाण्यात पोचले. ठाण्यातली माणसं वाईट नव्हती, हे मुद्दाम सांगतो. त्यांनी फौजी म्हणून खुर्ची दिली, चहा दिला. एका तरुण शिपायाने मोबाइल हातात घेतला, "आजोबा, हा व्हायरस आहे" म्हणाला आणि ते अ‍ॅप काढून टाकलं. मदत म्हणूनच केलं त्याने. मग साहेबांनी समजावलं की हे काम आमच्या अखत्यारीत येत नाही, तालुक्याला जा. तालुक्याने जिल्ह्याला पाठवलं. चौथ्या दिवशी ते सायबर शाखेत पोचले. तोवर पैसे दोन राज्यांतल्या तीन खात्यांतून फिरून रोख निघालेसुद्धा होते, आणि ज्या अ‍ॅपमधून काही धागा मिळाला असता ते अ‍ॅप मोबाइलवर नव्हतं.

मी सिग्नल्समध्ये होतो. महूच्या आमच्या कॉलेजात शिकलो आणि शिकवलंही. फौजेत नवा रेडिओ सेट युनिटला आला की तो चालवणाऱ्यांचं आधी कॅडर होतं, मग सेट मोर्च्यावर जातो. जवानाच्या हातात नवं यंत्र आणि डोक्यात काहीच नाही, असं आम्ही होऊ देत नाही. पोलिसांच्या बाबतीत उलटं का झालं? या प्रश्नाने मी इतिहासात शिरलो, आणि सुरुवात थेट कलकत्त्यात सापडली.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालचे पोलीस महानिरीक्षक होते एडवर्ड हेन्री. बोटांचे ठसे घेता येतात हे तेव्हा माहीत झालं होतं. अडचण वेगळी होती. हजारो ठशांच्या ढिगातून नेमका हवा तो ठसा शोधायचा कसा? हे कोडं ज्यांनी सोडवलं त्यांची नावं अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस. दोघेही पोलीस उपनिरीक्षक, म्हणजे आपल्या भाषेत फौजदार. हकांनी गणिती मांडणी बसवली आणि बत्तीस गुणिले बत्तीस, म्हणजे १,०२४ कप्प्यांत ठसे लावायची सोय झाली. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय उघडलं, जगातलं पहिलं. पद्धतीला नाव मात्र हेन्रींचं मिळालं. तीच पद्धत १९०१ मध्ये स्कॉटलंड यार्डने घेतली. हक आणि बोस यांच्या पदरात किताब आणि बक्षिसी पडली, तीही पुष्कळ उशिरा.

याच काळात जलपायगुडीकडे एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. घरातल्या बंगाली पंचांगावर रक्ताळलेल्या अंगठ्याचा ठसा मिळाला आणि तो एका जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. १८९८ मध्ये कोर्टाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, पण केवळ ठशावर खुनाचा दोष ठेवायला ते धजावलं नाही. पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, १८७२ च्या पुरावा कायद्यात दुरुस्ती होऊन ठशांबद्दल तज्ज्ञाचं मत ग्राह्य झालं.

हा क्रम लक्षात ठेवा. नवा पुरावा आला, कोर्ट अडखळलं, कायदा बदलला. आणि शोध कुणी लावला? ज्यांना वेळ दिला, टेबल दिलं, काम करू दिलं, त्या दोन फौजदारांनी. खालच्या हुद्द्याच्या पोलिसाला असलं काही जमत नाही, असं कुणी म्हणालं की मी त्याला कलकत्त्याची ही गोष्ट सांगतो.

शिक्षणाची सोयही त्याच सुमाराला झाली. १९०२-०३ च्या पोलीस आयोगाने प्रांतोप्रांती प्रशिक्षण शाळा काढायला सांगितल्या. आपल्याकडची शाळा १९०६ मध्ये पुण्याजवळच्या भांबुर्ड्यात सुरू झाली आणि १९०९ मध्ये नाशिकला गेली. तीच आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी. स्वातंत्र्यानंतर तपासाचं खास शिक्षण देणारी केंद्रं कोलकाता, हैदराबाद, चंदीगड इथे निघाली. कायदा, कवायत, पंचनामा, पावलांचे माग, ठसे, रक्ताचे डाग हे सगळं फौजदार शिकत आला. शंभर वर्षं ते पुरलंही.

मग संगणक आला. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला. त्यातलं ७८ वं कलम फार थोड्यांनी वाचलं असेल. या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा, असं त्यात लिहिलं होतं. हेतू चांगला होता. विषय नवा आहे, अर्धवट माहितीवर कुणाला उचलून आत टाकू नये. पण परिणाम असा झाला की ठाण्यातल्या माणसाने हा विषय आपला नाहीच असं ठरवून टाकलं. जे काम आपल्याकडे येणारच नाही ते शिकायचं कशाला?

त्यामुळे पहिली वाढ शहरांत झाली. मुंबई पोलिसांचा सायबर कक्ष २००० च्या अखेरीस आला. बंगळुरूत २००१ मध्ये देशातलं पहिलं सायबर पोलीस ठाणं झालं आणि अख्खं कर्नाटक त्याची हद्द ठरलं. चेन्नईत २००४ मध्ये एका महिलेची इंटरनेटवर बदनामी करणाऱ्याला तक्रारीपासून काही महिन्यांतच शिक्षा झाली. या कायद्याखालच्या अगदी सुरुवातीच्या शिक्षांमध्ये ती गणली जाते. पुण्यात २००५ मध्ये कॉल सेंटरमधल्या मंडळींनी अमेरिकी खातेदारांचे साडेतीन लाख डॉलर वळवले, तेव्हा पुणे पोलिसांनी त्यांना पकडलं. ही कामगिरी खरीच चांगली होती. पण ती मूठभर अधिकाऱ्यांची, आणि तेही बरंचसं स्वतःच्या हौसेने शिकलेले. त्यांची बदली झाली की विद्या त्यांच्याबरोबर जायची.

२००८ च्या डिसेंबरात, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर महिनाभरात, संसदेने कायद्यात मोठी दुरुस्ती केली. ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. तपासाचा अधिकार आता पोलीस निरीक्षकापर्यंत खाली आला. मोठं पाऊल होतं ते. तरी आपल्याकडच्या ग्रामीण ठाण्यांकडे बघा. पुष्कळ ठाण्यांचा प्रभार सहायक पोलीस निरीक्षकाकडे असतो. म्हणजे एका पायरीने हुकलं. सुभेदार साहेबांना "आमच्या अखत्यारीत नाही" असं जे ऐकावं लागलं, त्याचं मूळ इथे आहे.

पण यातली खरी गोम पुढे आहे. कायद्याने हुद्द्याची अट तपासाला घातली, गुन्हा नोंदवायला नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली तर नोंद केलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये घटनापीठाच्या निकालात स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे त्या दिवशी नोंद करायला कसलीही आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती एवढीच, की हा फरक त्या ठाण्यात कुणी शिकवला नव्हता.

न शिकवण्याची किंमत फक्त लुबाडल्या गेलेल्यांनीच मोजली असं नाही. निरपराधांनीही मोजली. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुण मुलींना फेसबुकवरच्या एका मजकुरासाठी अटक झाली. एकीने मुंबई बंदबद्दल प्रश्न विचारला होता, दुसरीने तो पसंत केला होता. पुढे त्यांच्यावरचा खटला बंद झाला आणि पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. ज्या ६६-अ कलमाभोवती हे सगळं घडलं ते कलमच सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवलं. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण २०२१ मध्ये न्यायालयासमोर आलं की रद्द झालेल्या या कलमाखाली ठिकठिकाणी अजूनही गुन्हे नोंदवले जात आहेत. न्यायमूर्तींना धक्का बसला आणि गृह मंत्रालयाने राज्यांना पुन्हा लेखी कळवलं. सहा वर्षं! फौजेत रद्द झालेला हुकूम सहा वर्षं एखाद्या चौकीवर चालू राहिला असता, तर चौकशी त्या चौकीची झाली नसती. हुकूम खाली पोचवायची जबाबदारी ज्याची, त्याची झाली असती.

आता पुराव्याकडे येऊ, कारण खटला तिथे हरतो. संगणकातली नोंद कोर्टात कशी मांडायची यासाठी २००० मध्ये पुरावा कायद्यात ६५-ब हे कलम आलं. नोंद कुठल्या यंत्रातून घेतली, यंत्र नीट चालत होतं का, याचं सही केलेलं प्रमाणपत्र जोडायचं. संसदेवरच्या हल्ल्याच्या खटल्यात, २००५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मोबाइल कॉलच्या छापील नोंदी अशा प्रमाणपत्राशिवाय मान्य केल्या. २०१४ मध्ये न्यायालयाने ती भूमिका बदलली, प्रमाणपत्र हवंच. २०१८ मध्ये पुन्हा सैल केलं. शेवटी १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींनी हा गुंता सोडवला. तो खटला आपल्या जालन्याचा होता. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आले की नंतर, हे निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणावरून ठरवायचं होतं, आणि त्या चित्रीकरणाचं प्रमाणपत्र अधिकारी देत नव्हते. न्यायालयाने सांगितलं, मूळ यंत्रच कोर्टात आणलं नसेल तर प्रमाणपत्र लागेलच. ते कुणी देत नसेल तर कोर्टाकडून हुकूम मागा.

पंधरा वर्षांत नियम चारदा इकडचा तिकडे झाला. वकील निकालपत्रं वाचतात. फौजदाराला हे कोण सांगणार? कॉलच्या नोंदी आणल्या, प्रमाणपत्र राहिलं, आणि दोन वर्षांची मेहनत एका दुपारी पाण्यात. आरोपी सुटला की लोक म्हणतात, पोलिसांनी पैसे खाल्ले. पुष्कळदा एक कागद कमी पडलेला असतो.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक नोंद देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात हॅश व्हॅल्यू लिहायची असते. हॅश म्हणजे डिजिटल फाइलचा अंगठ्याचा ठसाच समजा. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी हा आकडा पार बदलतो. कलकत्त्यात सुरू झालेली गोष्ट सव्वाशे वर्षांनी पुन्हा फौजदाराच्या टेबलावर आली ती अशी. शिवाय झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता सक्तीचं आहे, आणि सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायची तरतूद आहे. ती लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. कायदा पुढे गेला. पोचायचंय ते माणसाला.

प्रयत्न झाले नाहीत असं म्हणणार नाही. २०१६ मध्ये महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत सायबर प्रयोगशाळा उघडल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये तक्रारींचं राष्ट्रीय पोर्टल आलं. आमच्या सुभेदार साहेबांना तीन महिने उशीर झाला म्हणायचं. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीत भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राचं उद्घाटन झालं. ऑनलाइन शिकायला सायट्रेन नावाचं व्यासपीठ आलं. २०२१ मध्ये मदतीचा फोन सुरू झाला, त्याचाच आजचा क्रमांक १९३०. सप्टेंबर २०२४ मध्ये पाच वर्षांत पाच हजार सायबर कमांडो तयार करायचं जाहीर झालं. चांगलंच आहे. पण देशात सतरा हजारांवर पोलीस ठाणी आहेत, हेही मनात ठेवा. कमांडो लढाई जिंकून देतो हे मला मान्य आहे, पण सीमेवर रात्रंदिवस उभा असतो तो साधा शिपाई. पहिली गोळी त्याच्याकडे येते. २०२४ या एका वर्षात भारतीयांनी सायबर फसवणुकीत बावीस हजार आठशे कोटींहून जास्त रुपये गमावले, हा सरकारने संसदेत दिलेला आकडा आहे. यातली बहुतेक माणसं कमांडोकडे गेली नाहीत. ती जवळच्या ठाण्यात गेली, किंवा कुठेच गेली नाहीत.

दोन वर्षांपूर्वी एका पोलीस प्रशिक्षण वर्गात मला बोलावलं होतं. मी तयारी जोरात केली. आयपी पत्ता म्हणजे काय, एकाच पत्त्यामागे शेकडो ग्राहक कसे असतात, म्हणून पोर्ट क्रमांक का मागायचा, हे सांगितलं. परदेशी कंपनीची नोंद बहुधा जागतिक वेळेत येते, ती आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असते, हेही सांगितलं. सिग्नल्समध्ये वेळ आणि ती कुठली वेळ हे लिहिल्याशिवाय संदेश पुढे जात नाही. इथे साडेपाच तास मिळवायचे राहिले, तर पोलीस भलत्याच घराचं दार वाजवतात. वर्ग ऐकत होता. मला वाटलं, छान जमलं.

शेवटी मागच्या रांगेतल्या एक महिला हवालदार उठल्या. म्हणाल्या, "सर, सगळं पटलं. पण रात्री दोन वाजता मी ठाणे अंमलदार असते. एकटी. समोर रडणारा माणूस असतो. पहिल्या दहा मिनिटांत मी काय करायचं, तेवढं सांगा."

माझ्या चाळीस स्लाइडमध्ये याचं उत्तर नव्हतं. खरं सांगतो, लाज वाटली. मग आम्ही तिथेच फळ्यावर एक पान लिहिलं. शिकवणारे निम्मे तेच होते. ते असं झालं:

आधी १९३० लावा, जबाब नंतर. क्रमांक लागला की तक्रार संबंधित बँकांकडे जाते आणि पैसे जिथवर पोचले असतील तिथे अडवता येतात. पैसे पुढच्या खात्यात उड्या मारत असताना आपण जबाबातलं शुद्धलेखन तपासत बसायचं नाही.

मोबाइल विमान मोडवर टाका, म्हणजे समोरच्याचा ताबा तुटेल. काहीही काढून टाकू नका. अ‍ॅप, संदेश, कॉलची यादी, जसं आहे तसं राहू द्या आणि दुसऱ्या मोबाइलने पडद्याचे फोटो घ्या.

व्यवहार क्रमांक आणि वेळ मिनिटासकट लिहा. "सकाळी" असं लिहू नका.

हद्द विचारू नका. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवता येतो. माणूस पाठवायचा नाही, कागद पाठवायचा.

यंत्र जप्त केलं तर ते कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेलं, याची एकही कडी तुटू देऊ नका. आणि तपासणी करायची ती हॅश घेतलेल्या प्रतीवर, मूळ यंत्रावर कधीच नाही.

एवढंच. यातली पहिली चार कामं कमांडोची नाहीत. पण ती चुकली तर वरचा कमांडो काहीही करू शकत नाही. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. शिक्षण ठाणे अंमलदारापासून सुरू करा. वर्षातून एकदा व्याख्यान देऊन भागणार नाही, दर तीन महिन्यांनी हाताने सराव हवा. आणि शिकवलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी बंदोबस्ताला धाडू नका. फौजेत वायरलेस ऑपरेटरला आपण स्वयंपाकघरात ठेवत नाही.

पोलीस हा राज्यांचा विषय आहे, हे मला माहीत आहे. कर्नाटकात एक, मध्य प्रदेशात दुसरं, महाराष्ट्रात तिसरं. पण चोर तर राज्य बघत नाही. फोन झारखंडातून येतो, खातं राजस्थानात असतं, पैसे साताऱ्याचे जातात. तुम्ही ज्या राज्यात राहता तिथल्या ठाण्यात जाऊन सहज विचारा, रात्रपाळीच्या अंमलदाराला हे पान माहीत आहे का. नागरिकाने विचारलं की वरच्यांना शिकवावं लागतं.

सुभेदार साहेबांचे पैसे परत आले नाहीत. मुलीचं लग्न भावकीने मिळून लावलं. गेल्या वर्षी त्यांचा पुन्हा फोन आला, तेव्हा मी धसकलोच. पण या वेळी ते शेजारच्या निवृत्त गुरुजींबद्दल बोलत होते. गुरुजींना कुणीतरी व्हिडिओ कॉलवर "डिजिटल अटक" केली होती आणि एक मोठी रक्कम गेली होती. साहेब त्यांना मोटरसायकलवर घालून त्याच ठाण्यात घेऊन गेले.

"साहेब, या वेळी ठाण्यात एक पोरगी होती," ते म्हणाले. "तिने चहा नाही विचारला, खुर्ची नाही विचारली. आधी फोनच लावला."

सगळे पैसे वाचले नाहीत. पण निम्म्याहून जास्त एका खात्यात अडकले आणि पुढे गुरुजींना मिळाले. त्या मुलीला हे कुणी शिकवलं ते मला कळलं नाही. ज्याने शिकवलं त्याला माझा सॅल्यूट.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोवर सांभाळून राहा. जय हिंद.